बाळ झाल्यावर आईचं काय होतं: माझा सव्वा महिना आणि त्यापुढचं

मुलगी झाली ११ डिसेंबर २०२४ ला, बुधवारी दुपारी. वार पडली, टाके घालून झाले आणि तेवढ्यात मी थडथड कापायला लागले. दातावर दात आपटत होते, पाय टेबलावर ठरत नव्हते. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. सिस्टरनी अंगावर दोन ब्लँकेटं टाकली आणि म्हणाल्या, "पुष्कळ जणींना होतं असं. थांबेल थोड्या वेळात." थांबलंही. पण नऊ महिने एवढं वाचलं, एवढ्या जणींना विचारलं, त्यात या थंडीचं नाव कुणी काढलं नव्हतं. पुढेही तेच होत राहिलं. जे जे झालं त्यातलं बहुतेक नेहमीचं होतं, मला ते आधी ठाऊक नव्हतं एवढंच. आणि जे नेहमीचं नव्हतं, तेही ओळखता यायला हवं होतं. म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. माहेर तासगाव तालुक्यातल्या एका गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून २० नोव्हेंबरपासून रजा टाकली आणि गावी आले. नाव सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात घातलं होतं. रजेबद्दल एवढं सांगते: कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. मी आधी तीनच आठवडे घेतले, म्हणजे नंतरची रजा जास्त उरली. तब्येत साथ देत असेल तर हे करण्यासारखं आहे.

माझी प्रसूती नॉर्मल झाली, पण खाली छेद घेऊन टाके घातले होते. "नॉर्मल म्हणजे दुसऱ्या दिवशी उठून कामाला" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तसं काही नसतं. पहिले काही तास सिस्टर सारख्या येऊन रक्तदाब बघायच्या, किती रक्त जातंय ते बघायच्या आणि बेंबीपाशी पोट दाबायच्या. गर्भाशय गोळ्यासारखं घट्ट झालंय ना हे त्यातून कळतं. ते सैल राहिलं तर रक्तस्राव वाढतो. दुखतं, पण दाबू द्यावं. लघवीही काही तासांत व्हायलाच हवी असते. पहिली लघवी म्हणजे मला युद्धावर जाण्यासारखं वाटलं. सिस्टरनी सांगितलेला उपाय मी मग पुढचे दोन आठवडे वापरला: लघवी करताना मगाने कोमट पाणी ओतत राहायचं. टाक्यांची आग निम्मी होते.

बाळाला पहिल्या तासाभरातच अंगावर घेतलं. दूध म्हणून जे आलं ते चमचाभर, पिवळसर, चिकट. तो चीक. आईला वाटलं एवढ्यात काय भागणार, पण बाळाचं पोट तेव्हा एवढंएवढंसं असतं. मुलगी २ किलो ८०० ग्रॅमची होती, तिसऱ्या दिवशी २ किलो ६०० भरली. घरचे हवालदिल. बालरोगतज्ज्ञ म्हणाले की जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट पहिल्या दिवसांत होते आणि दोन आठवड्यांत भरून निघते. तसंच झालं. पाजायला घेतलं की ओटीपोटात पाळीसारख्या कळा यायच्या. बाळ ओढतं तसं गर्भाशय आकुंचन पावतं, त्या कळा. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त येतात असं शेजारच्या खाटेवरची बाई सांगत होती, आणि डॉक्टरांनीही मान हलवली.

१४ तारखेला डिस्चार्ज. बिल ३८ हजारांच्या आसपास झालं. कंपनीच्या विम्यात प्रसूतीसाठी ५० हजारांची मर्यादा होती, त्यामुळे बसलं. पण कॅशलेस मंजुरी येईपर्यंत सकाळचे दहा ते संध्याकाळचे पाच वाजले. तेवढा वेळ धरूनच घरून डबा आणि बाळाचे जादा कपडे मागवा. बाळाचं नाव पॉलिसीत घालायला आमच्याकडे जन्मापासून ३० दिवसांची मुदत होती. तुमच्याकडे किती आहे ते आधीच विचारून ठेवा, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

जन्मनोंदणीचा अर्ज दवाखान्यातच भरून घेतात. जन्मापासून २१ दिवसांत नोंद झाली तर काही शुल्क नाही. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे लिहा आणि अर्ज देण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. बारसं व्हायचं असल्यामुळे आमच्या अर्जात नावाची जागा रिकामीच होती. बाळाचं नाव वर्षभराच्या आत विनाशुल्क घालता येतं. ह्यांनी जानेवारीत सांगलीला जाऊन ते काम केलं. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून दोन-तीन प्रती काढून ठेवल्या.

डिस्चार्जच्या कागदात बाळाचं सगळं होतं: वजन, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, कावीळ-ब ची लस, पुढची तारीख. माझ्यासाठी गोळ्यांची नावं आणि "६ आठवड्यांनी दाखवणे" एवढंच. मी डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, सहा आठवड्यांच्या आत कशासाठी धावत यायचं?" त्यांनी न कंटाळता सांगितलं आणि मी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर. ताप आला किंवा अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास यायला लागला तर. डोकं फुटायला आलंय, डोळ्यांपुढे अंधुक होतंय, तर. कारण गरोदरपणात रक्तदाब कधी वाढला नसला तरी बाळंतपणानंतर तो वाढू शकतो आणि झटके येऊ शकतात. एकाच पोटरीत दुखून सूज आली किंवा दम लागला तर. ही यादी आई, नवरा, सासूबाई अशा सगळ्यांच्या फोनवर पाठवा. ऐन वेळी बाळंतीण स्वतः शोधत बसणार नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पाचवी. पाटा-वरवंटा पुजला, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवली, आणि घरात पंचवीसेक माणसं. त्याच रात्री माझी छाती दगडासारखी झाली. चीक संपून खरं दूध चढतं तेव्हा असं होतं, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात. काखेपर्यंत गाठी, कपड्याचा स्पर्श सोसेना, आणि छाती इतकी ताठ की बाळाला धरता येईना. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकायचं, हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करायचा आणि मग पाजायचं, नंतर गार पट्टी ठेवायची. दोन दिवस असे काढले. एव्हाना बोंडांना चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ झाली की मी पायाची बोटं आवळून बसायचे. त्यावर मलमापेक्षा बाळाला धरण्याची पद्धत बदलल्याचा उपयोग झाला. नुसतं बोंड तोंडात देऊन चालत नाही, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. हे मला समोर बसून कुणी दाखवलं असेल तर आशाताईंनी, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य-स्वयंसेविकेने.

आशाताईंबद्दल सविस्तर लिहायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, हे मला माहीतच नव्हतं. ही सेवा फुकट असते आणि खासगी दवाखान्यात बाळंत झालेल्यांनाही मिळते. त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, आणि हातात एक फॉर्म. मला वाटलं बाळाचं वजन करून जातील. पण त्यांच्या फॉर्मवर आईचे प्रश्न आधी होते. दिवसात पोटभर किती वेळा जेवता? पॅड किती बदलावे लागतात? ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का? छाती दुखते का, दूध कमी वाटतं का? बोलण्या-वागण्यात काही वेगळेपण आलंय का? बाळाला बघायला आलेल्या एवढ्या माणसांत हे प्रश्न कुणी मला विचारलेले नव्हते. गावात असाल तर आशाताईंचा नंबर प्रसूतीआधीच घेऊन ठेवा. शहरात असाल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

टाक्यांचं म्हणाल तर पहिला आठवडा बसणं म्हणजे शिक्षा. कुशीवर झोपून पाजायला शिकले ते त्यामुळेच. दिवसातून दोनदा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं, नंतर जागा कोरडी करायची. शौचाची भीती टाक्यांपेक्षा मोठी असते. डॉक्टरांनी इसबगोल दिलं होतं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. इथे आजीशी गाठ पडली. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, नाहीतर पोट सुटतं, असं तिचं ठाम मत. शेवटी ओवा घालून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवायचं ठरलं. आजीला ओव्याचं समाधान, मला पाण्याचं.

बाळंतपणाच्या परंपरेतल्या किती गोष्टी मला उपयोगी पडल्या आणि किती नाहीत, तेही सांगते. सव्वा महिना बाळंतिणीने काम करायचं नाही, हा नियम ज्याने केला त्याचे उपकार आहेत. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. अंगावरून आधी लालभडक, मग तपकिरी, मग पिवळसर-पांढरं असं चार ते सहा आठवडे जात राहतं. मी जरा जास्त उठबस केली की पुन्हा लाल व्हायचं. शरीरच सांगायचं, पड जरा. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेवगा, बाजरीची भाकरी आणि तूप, हे सगळं मी आवडीने खाल्लं. मालीशवाल्या मावशी माझे आणि बाळाचे मिळून रोजचे ४०० रुपये घ्यायच्या आणि त्यांच्या हातात खरोखर गुण होता. कंबर त्यांनीच सोडवली.

पण बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी, हे मी होऊ दिलं नाही. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि त्याने जीव जातो. आजीला मी एवढंच सांगितलं की बाळाला धूर सोसत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. बाळगुटी आणि मधाचं बोटही सहा महिने नाही, आणि मध तर वर्षभर नाही. यात डॉक्टर आणि आशाताई दोघी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. पोटाला पट्टा बांधला तर पोट आत जातं हा समज आहे. आधार वाटतो म्हणून मी थोडे दिवस सैलसर बांधला, घट्ट आवळून नाही. प्रसूतीनंतरही पोट सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसतं आणि ते काही आठवडे तसंच राहतं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं बरं. रात्री घामाने गाऊन भिजायचा, पावलं पहिल्या आठवड्यात आधीपेक्षाही सुजली होती. दोन्ही आपोआप गेलं. अंगात साठलेलं पाणी असंच बाहेर पडतं.

रडणं चौथ्या दिवशी सुरू झालं. कारण नाही, काही नाही. बाळ झोपलंय, मी भाकरी खातेय आणि डोळ्यांतून धारा. आजी म्हणायची, "रडू नगंस गं, डोळं जातील." आई नुसती पाठीवरून हात फिरवायची. प्रसूतीनंतर संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप नसते, अंग दुखत असतं. त्यामुळे बहुतेक बायकांना पहिल्या आठवड्यात असं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. माझंही २२ डिसेंबरच्या बारशापर्यंत कमी झालं. बारशाला मी हसले, फोटो काढले, बाळंतविडे घेतले.

मग माणसं गेली. ह्यांची रजा आधीच संपली होती, ते पुण्याला आणि शनिवार-रविवारी इकडे. डिसेंबरच्या शेवटी उजव्या छातीत गाठ येऊन १०२ ताप आला. छातीचा तो भाग लाल, गरम. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली आणि त्या बाजूने पाजणं मुळीच थांबवू नका म्हणून सांगितलं. दूध आत राहिलं तर पू होतो. ताप दोन दिवसांत उतरला. पण मन मात्र त्यानंतर घसरत गेलं.

ते कसं होतं हे नीट लिहायचा प्रयत्न करते, कारण हे ओळखता येणं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. बाळ रडलं की दुसऱ्या कुणाच्या तरी घरात रडतंय असं वाटायचं. मी उठायचे, पाजायचे, लंगोट बदलायचे, सगळं बरोबर. पण आत कुणी नव्हतं. बाळ झोपल्यावरही मला झोप यायची नाही. दिवेलागण झाली की छातीत धडधड, आता रात्र कशी काढायची म्हणून. जिन्यावरून उतरताना बाळ हातातून पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे यायचं, आणि मी जिना उतरणंच बंद केलं. लाडू पुढे ठेवले तर तसेच राहायचे. भोगीची भाजी, संक्रांतीची गडबड घरात चालू होती. एरवी मी तिळगूळ करण्यात पुढे. यंदा स्वयंपाकघरातला आवाजही नकोसा झाला होता. मनात एकच वाक्य फिरत होतं: ही पोर माझ्यापेक्षा आईकडे बरी वाढेल.

२८ व्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या. वजन चांगलं वाढलं होतं. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, "आणि ताई, तुमची झोप?" मी म्हणाले, "लागत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. आईला बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे टाक्यांचं दुखणं नाही, सहा आठवड्यांची वाट बघू नका, आधीच दाखवा. त्यांच्या माहितीतल्या एका बाईचं असंच झालं होतं आणि घरच्यांनी "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारे-धुपारे करण्यात महिना घालवला होता, हेही त्यांनी सांगितलं. आई घाबरली, पण त्याच संध्याकाळी तिने ह्यांना फोन केला.

१६ जानेवारीला आम्ही सांगलीला गेलो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांचा एक मराठी कागद दिला. एडिनबरोची प्रश्नावली म्हणतात तिला. १९८७ पासून जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, झोप लागली नाही इतकं वाईट वाटलं का, असे साधे प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे माझं पेन थांबलं. खरं तेच लिहिलं: "क्वचित." एकूण गुण ३० पैकी १७ आले. मॅडम म्हणाल्या, "हा आजार आहे, स्वभाव नाही. आणि तो बरा होतो." त्यांनी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथली फी ७०० रुपये, बसावं लागलं दीडेक तास. बाळाला बरोबर घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी आधी माझ्याशी एकटीशी बोलणं केलं, मग ह्यांना आणि आईला आत घेतलं. घरात आधी कुणाला नैराश्य होतं का, बाळाला काही करावंसं वाटतं का, कुणाचे आवाज ऐकू येतात का, असं सगळं विचारलं. पडल्याची चित्रं डोळ्यांपुढे येणं आणि तसं करावंसं वाटणं यात फार अंतर आहे, पहिलं पुष्कळ आयांना होतं, हे त्यांनी सांगितल्यावर मला त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास आला. आवाज ऐकू येणं, भलतेच संशय, असंबद्ध बोलणं, दोन-तीन दिवस डोळ्याला डोळा न लागणं हे मात्र वेगळं दुखणं. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं आणि त्यात त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. अशा वेळी बाई आणि बाळ दोघांना एकटं सोडायचं नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२, थायरॉइड ठीक. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडूनही असंच उदास, थकल्यासारखं वाटू शकतं, म्हणून ती तपासणी करतात. लोहाच्या गोळ्या मी अधूनमधून चुकवत होते असं नाही, पण रक्त बरंच गेलं होतं. या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमही सहा महिने. मनासाठी एक गोळी लिहून दिली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येकीला डॉक्टर बघून देतील. आईने विचारलं, "मग अंगावरचं बंद करायचं का?" डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही, पाजताना चालतील अशाच गोळ्या देतो. आणि औषधाबरोबर त्यांनी झोप लिहून दिली. अक्षरशः चिठ्ठीवर: रात्री सलग पाच तास. मी नऊ वाजता पाजून झोपायचं, मधलं एक पाजणं आईने वाटी-चमच्याने काढलेल्या दुधावर करायचं, मी दोनला उठायचं. हाताने दूध काढायला आशाताईंनी शिकवलं होतं, म्हणून पंपाचा खर्च तेव्हा वाचला.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात थोडी मळमळ झाली. त्या काळात रात्री घुसमट व्हायची तेव्हा ह्यांनी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर लावून दिला, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, घाई केली नाही. फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी मावशींनी बाळाला आंघोळीसाठी पायांवर घेतलं आणि मी म्हणाले, "आज मी घालते." पाणी माझ्या नाकातोंडात गेलं त्यापेक्षा तिच्या कमीच गेलं. मावशींनी शेजारी बसून सगळं शिकवलं.

मधे २२ जानेवारीला सहा आठवडे झाले. त्या दिवशी बाळाची पहिली मोठी लसीकरणाची पाळी असते: पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळं मोफत झालं. ताप येतो, पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे ते वजन सांगून विचारून घ्या. आणि त्याच दिवशी आईचीही तपासणी करून घ्यायची, ही तारीख बाळाच्या लसीमुळे लक्षात राहते. माझा रक्तदाब, टाके, गर्भाशय बघितलं. गरोदरपणात साखर वाढली असेल तर तीही पुन्हा तपासावी लागते. पाळणा लांबवण्याबद्दल मॅडमनी स्वतःच विषय काढला. पाळी आली नसली तरी दिवस जाऊ शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर आणि रात्रीही पिणारं, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असल्या तरच त्या भरवशावर राहता येतं. तांबी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या हे पर्याय सरकारी केंद्रात मोफत मिळतात. संबंधांबद्दलही बोलल्या: दुखणं थांबल्यावर, तुमचं मन झाल्यावर. पाजत असताना कोरडेपणा येतो, त्यासाठी जेल मिळतं. ह्यांना बाहेरून आत बोलावून हे सांगितलं, ते मला फार बरं वाटलं.

आशाताईंनी आठवणीने प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचंही विचारलं होतं. मला भरपगारी रजा असल्यामुळे ती लागू नव्हती. पण बसत असाल तर पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६०००. आधार आणि बँक खातं जोडलेलं असावं लागतं.

मार्चमध्ये पुण्याला आलो, सासूबाई सोबतीला आल्या. त्यांना मी आल्या आल्या गोळ्यांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नाव नव्हतं याला, पण मला ठाऊक आहे ते." त्यापुढे त्यांनी रात्रीचं एक पाजणं स्वतःकडे घेतलं. एप्रिलमध्ये केस गळायला लागले, न्हाणीच्या जाळीत मूठ-मूठ. तीन-चार महिन्यांनी हे होतं आणि वर्षभरात भरून येतं. तेल-शांपूवर पैसे घालवू नका. शिंकल्यावर लघवीचे थेंब सुटायचे, त्यासाठी मी फिजिओथेरपिस्टकडे गेले, एका वेळचे ६०० रुपये. लघवी रोखून धरतो तसे स्नायू आवळायचे आणि सोडायचे, श्वास न रोखता. दिवसातून तीनदा. दोनेक महिन्यांत फरक पडला. "बाळंतपणानंतर होतंच असं" म्हणून बायका हे जन्मभर सोसतात, सोसायची गरज नाही. बाळ उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखायचं, त्यावरही तिथेच पट्टा मिळाला.

२१ मे ला कामावर रुजू झाले. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक होतं, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळेत रोज दोन छोट्या सुट्ट्याही. एचआरला रुजू व्हायच्या महिनाभर आधी मेल करून हे दोन्ही लेखी मागितलं. आमच्या ऑफिसचं जवळच्या पाळणाघराशी जमलेलं निघालं. दूध काढायला मीटिंग रूम मिळाली, दाराला आतून कडी आहे ना ते आधी बघून घेतलं. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर चार तास, आणि पुण्याच्या मे महिन्यात तेवढंही धरू नये. पहिल्या आठवड्यात दुपारी ब्लाऊज भिजायचा. कापडी पॅड आणि एक जादा कुर्ता ड्रॉवरमध्ये असू द्या.

पाळी सातव्या महिन्यात आली. आधीपेक्षा जास्त, आणि त्या दोन-तीन दिवसांत दूध थोडं कमी वाटायचं, मग पूर्ववत. मनाची गोळी बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगितली होती. ऑगस्टनंतर डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने कमी करत आणली. स्वतःहून एकदम बंद करायची नसते. पुढच्या खेपेला, म्हणजे दुसरं बाळ झालंच तर, गरोदरपणातच मानसोपचारतज्ज्ञांना येऊन भेटा असं त्यांनी माझ्या फाईलवर लिहिलं आहे, कारण एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. ती फाईल आता बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवली आहे.